दात लावलेली लड

साखर पेठेत सुंदरम्माचा हात सगळ्यांना माहीत. मागाला सुताच्या कांड्या भरून देणारी बाई; सुताचा कसलाही गुंता सोडवायची, धागा तोडताना तिला कुणी पाहिलं नाही. घरातही तेच. नवरा रुसून चार-चार दिवस अबोला धरायचा, दीर भांडायचे, ही मध्ये बसून सोडवत राहायची. तीस वर्षं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात लेकासाठी, गुरुलिंगसाठी, मुलगी बघायला होटगीला निघाली. शेजारी म्हणून मी बरोबर. पिशवीत तिनं सुताच्या गुंतलेल्या दोन लडी टाकल्या.

"पोरगी बोलण्यात कळत न्हाय. सुतात कळती की."

रेल्वेत गँगमन असलेल्या रुद्रप्पाच्या दोन मुली. थोरल्या काशम्माला आधी दोघं बघून गेलेले, निरोप आला नव्हता. आता तिसऱ्यांदा नकार आला तर पोरीला घरात बसावं लागणार, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सुंदरम्मानं एक लड काशम्माला दिली, दुसरी धाकट्या जगदेवीला. "तू बी बस गं."

काशम्मा मान खाली घालून सुताचं टोक शोधू लागली. बोटं अगदी सुंदरम्माची. जगदेवीनं दोन गाठी सोडवल्या, तिसरीला दात लावला. तुकडे जोडले, गुंडाळी केली अन् उठली. "च्या टाकू का?"

"पाव्हण्यांम्होरं उंदरावाणी कुरतडतीस व्हय!" रुद्रप्पा ओरडला. "अक्का, एकाच अव्वाचं दूध प्याल्या दोगी, ही असली कुठनं निपजली, ठावं न्हाय."

सुंदरम्मानं जगदेवीकडं बोट केलं. "मला ही द्या."

रुद्रप्पाच्या तळहातावरची तंबाखू सांडली. मला तर ऐकण्यात चूक झाली असंच वाटलं.

"थोरली घरात असताना? तिच्यात खोट काय हाय, अक्का?"

"खोट न्हाय. लई माझ्यासारकी हाय." तिनं काशम्माच्या बोटांकडं पाहिलं. "गुरुलिंग बापावर गेलाय. ही जन्मभर त्याचं रुसणं सोडवत बसंल, न् तो हिला बसवंल. धाकटी दोन दिस बघंल, मग म्हणंल, उपाशी ऱ्हा जा. मला माझ्या नवऱ्याला असं एकदा बी म्हणता आलं न्हाय."

तीस वर्षांत नवऱ्याविरुद्ध तिच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द.

"आदी थोरलीला घर मी बघते, हसऱ्या माणसाचं. तवर माझा लेक थांबंल."

काशम्मानं वर पाहिलं. लड दातापाशी नेली. तोडणं जमलं नाही तिला. लड पुन्हा मांडीवर घेऊन ती टोक शोधू लागली.

सुंदरम्मा तिच्यासमोर बसली. "सरक," म्हणाली अन् दुसऱ्या बाजूनं सोडवू लागली.