बाबा ओहोटीच्या आधी निघाले

आमच्या घरात कोणी कशाला सरळ नाही म्हणत नसे. 'पाहू' म्हणत. स्कूटर घ्यायची? पाहू. गच्चीवर खोली काढायची? पाहू. बाबांचं 'पाहू' एकदा सुरू झालं की उन्हाळा जाई, पावसाळा जाई, आणि मागणारा थकून गप्प बसला की प्रश्न सुटला असं धरलं जाई. मी थकणाऱ्यांतली नव्हते. त्यामुळे माझ्या अंदमानच्या नोकरीचं 'पाहू' घरातल्या सगळ्यांच्याच मानगुटीवर बसलं होतं.

रायपूर छत्तीसगढची राजधानी होऊन फार वर्षं झाली नव्हती. रोज एखादा रस्ता खणलेला दिसे, रोज एखाद्या जुन्या घरावर नव्या कार्यालयाची पाटी चढे. मंत्रालयच मुळी जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरत होतं. या धांदलीत मलाही एका सरकारी कार्यालयात कंत्राटी जागा मिळाली होती. बूढ़ापारा वस्तीतल्या आमच्या गल्लीत तिचं केवढं कौतुक! आजोबा वर्ध्याकडून रेल्वेत नोकरीला आले, बाबा रेल्वेच्याच ऑफिसातून निवृत्त झाले, आणि आता पोट्टी थेट राजधानीत कामाला. मला मात्र त्या खुर्चीत जीव नकोसा व्हायचा. टायपिंग संपलं की मी उगाच पाणी प्यायला उठायची, जिन्यापर्यंत जाऊन यायची, पुन्हा उठायची. शेजारच्या टेबलवरच्या दीदी एकदा वैतागून म्हणाल्या, "तेरी कुर्सी में काँटे हैं क्या?" काटे खुर्चीत नव्हते, माझ्यातच होते.

सुट्ट्यांमध्ये मी तात्यापाऱ्यातल्या एका टूरवाल्याचे ग्रुप घेऊन जायची. मराठी येतं, हिंदी येतं आणि आवाज खणखणीत आहे, एवढ्यावर त्याने मला निवडलं होतं. पुरी, अमरकंटक असं करत करत एकदा त्याने मला अंदमानला धाडलं, आणि तिथे माझं डोकं फिरलं.

जंगल मला नवं नव्हतं. आमच्याकडे जंगलाला काय तोटा? पण आमचं जंगल उन्हाळ्यात झडतं, वाळतं, पायाखाली कुरकुरतं. तिथलं जंगल झडतच नाही. झाडावर झाड, त्यावर वेल, वेलीवर शेवाळ, आणि हे सगळं उतारावरून खाली येत येत थेट समुद्रात पाय घालून उभं. खाडीत तर खारफुटीची मुळं पाण्याबाहेर आलेली, त्यांच्यामधून कयाक न्यायची. कयाक म्हणजे एका-दोघांची अरुंद होडी. नीट बसलं नाही तर लगेच पाण्यात. मी पहिल्याच दिवशी पडले, बुडता बुडता हसले, आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा मला कुठेच जावंसं वाटलं नाही.

तिसऱ्या खेपेला तिथल्या कँपवाल्यांनीच विचारलं की इथेच राहशील का. प्रवाशांना खाडीतून फिरवायचं, जंगलातून चालवायचं, खडकांच्या टोकापलीकडच्या किनाऱ्यावर न्यायचं आणि सगळ्यांना धड परत आणायचं, हे काम. पोहायला आणि बाकी सगळं शिकवायला ते तयार होते. मी तिथल्या तिथे हो म्हणणार होते. पण घरी विचारते म्हणाले, आणि अडकले.

मी तिशीला टेकलेली बाई. न विचारता निघून गेले असते तर कोणी मला बांधून ठेवलं नसतं. पण बाबांचा तो न बोलणारा चेहरा मागे ठेवून गाडीत बसणं मला जमेना. म्हणून मी भांडायची तयारी केली. पगाराचं उत्तर तयार, लग्नाचं तयार, लोक काय म्हणतील याचं तर दोन-तीन प्रकारांनी तयार. बाबा एकही प्रश्न विचारत नसत. पेपरची घडी घालत आणि म्हणत, "पाहू ना." एकदा फक्त एवढं बोलले, "राजधानी आपल्या दारात आली, अन् तू बेटावर चालली."

शेवटी आईच म्हणाली, "त्यांले नेऊन दाखव. पाहू पाहू करून राहिले, तर पाहूनच घेऊ दे."

अशा रीतीने पुढच्या ग्रुपमध्ये माझे आईबाबा आले. बाकी रायपूरचीच मंडळी, बहुतेक रेल्वेतली आणि नव्या ऑफिसांतली. हावड्यापर्यंत गाडीने, मग विमानाने, मग बोटीने आम्ही कँपवर पोचलो, तोवर सगळ्यांचा चिवडा संपत आला होता आणि बाबांचा संयमही. बाबांचं सगळं आयुष्य गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात गेलं होतं. स्टेशनवर ते गाडीच्या कितीतरी आधी पोचत. लग्नाच्या जेवणाला मांडव घालणाऱ्यांच्या बरोबरीने पोचत. उशिरा पोचणारा माणूस त्यांच्या लेखी चोराच्या जरा वरचा.

पहिल्या संध्याकाळी मी सगळ्यांना वाळूवर बसवून भरती-ओहोटी समजावली. आम्ही तळ्याकाठची माणसं. आमच्या बूढ़ा तालाबाचं पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं. दिवसातून दोनदा उठबस करणाऱ्या पाण्याची आम्हाला सवय नाही. एक काकू तर विचारत होत्या, "मग ते पाणी जातं तरी कुठं?" बाबांनी मात्र भरतीच्या वेळा विचारून घेतल्या, दुसऱ्या दिवशी त्या कशा पुढे सरकतात तेही विचारलं, आणि दोन दिवसांपासून वैतागलेला त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे याचंबी टाइमटेबल हाय तर!"

मला वाटलं, झालं, जिंकलं. दुसऱ्या दिवशी खाडीत ते कयाकमध्ये माझ्यापुढे ताठ बसले. छत्री सोबत घेतली होती, ती काढून घ्यावी लागली. जंगलातून चालताना कँपवरचे एक म्हातारे वाटाडे आमच्याबरोबर होते. त्यांचे आजोबा आमच्याच भागातल्या जशपूरकडून इथे लाकूडतोडीला आलेले. त्यांची बोली आमच्या छत्तीसगढीच्या जवळची. बाबा त्यांच्याशी गप्पा मारत चिखलातून चालले, जळवा लागल्या तरी कुरकुरले नाहीत. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खडकांच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं होतं. त्या टोकाशी वाट फक्त ओहोटीला उघडते. एरवी तिथे पाणी असतं आणि लाटा खडकांमधल्या घळीत घुसतात. मी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं, तीनला निघू. जेवण झालं, मंडळी आडवी झाली. मी लाइफ जॅकेट मोजत होते. मोजता मोजता बाबांच्या खोलीत डोकावले, तर खाट रिकामी.

"बाबा कुठं?"

आई कूस बदलत म्हणाली, "ते गेले नं पुढं. जागा धराले."

जागा धरायला! समुद्रावर! मला हसू यायला हवं होतं, पण मी धावत सुटले. दोन जॅकेटं हातात होती तशीच.

बाबा टोकाशी मधल्या एका सपाट खडकावर उकिडवे बसले होते. ओहोटी लागली होती, पण पाणी अजून घळीतून कंबरेइतकं ये-जा करत होतं. ते गुडघाभर पाण्यातून निघाले असणार, मध्ये लाटेने पाडलं असणार, आणि जो खडक हाती लागला त्यावर चढून बसले असणार. चष्मा शाबूत होता. एक चप्पल गेली होती. खरं तर काही करायचंच नव्हतं. तास-दीड तास तिथेच बसून राहिले असते तर पाणी आपोआप उतरलं असतं. मी ओरडले, "बसा तिथंच!" माझा खणखणीत आवाज लाटांमध्ये कुठल्या कुठे गेला. बाबांनी मला पाहिलं, ओशाळले, आणि पँट वर दुमडून खाली उतरायला लागले.

घळीतलं पाणी त्यांना खडकावर आपटणार हे मला दिसत होतं. एवढ्यात कँपवरचे ते म्हातारे वाटाडे मागून पोचले. त्यांनाही तेच दिसलं, पण त्यांच्या गुडघ्यांनी तिथवर जाणं होणार नव्हतं. मी जॅकेट चढवलं, दुसरं दंडात अडकवलं आणि पाण्यात शिरले. एका लाटेने मला बाजूला फेकलं, कोपर सोलून निघालं. दुसरी लाट मागे सरकताना मी खडक धरला आणि बाबांच्या पोटरीला हात घालून ओरडले, "वर! वर चढा आधी!"

आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना हुकूम केला, आणि त्यांनी तो निमूट ऐकला. मीही वर चढले, त्यांना जॅकेट घातलं, पट्टे आवळले. मग मला राग आला.

"काहून आले एकटे? तीनले निघायचं सांगितलं होतं ना मी?"

"लेट नको व्हाले म्हणून."

"समुद्र काय सुटून जाणार होता? इथं लवकर येणं अन् उशिरा येणं एकच हाय! समजून नाही राहिलं का तुम्हाले?"

बाबा अंगावरच्या पँटचे पाय पिळत बसले. मीही बसले, कारण दुसरं काय करणार? एका जागी बसणं मला कधी जमलं नाही, आणि त्या दिवशी तर खडकाच्या दोन्ही बाजूंनी पाणी उसळत होतं आणि उठायलाही जागा नव्हती. मी बोटं मोडली, पाय हलवले, घळीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. पाणी आपल्या गतीने उतरत होतं. मागे ते ओलं, हिरवंगार जंगल पाण्यावर ओणवलं होतं आणि आम्ही बापलेक नारिंगी जॅकेटं घालून एकमेकांशेजारी बसलो होतो.

पाणी वीतभर उतरल्यावर बाबा म्हणाले, "नोकरीत हेच काम राहीन तुले?"

"हव."

"म्हणजे कोणी असं अडकलं, तर तूच जाशील पाण्यात."

"लागलं तर जाईन."

"मंग माझं नाही समज."

महिनोन्महिने ज्याची वाट पाहिली ते उत्तर शेवटी आलं, आणि तेही त्या खडकावर. माझी सगळी तयारी उसळून वर आली. "काहून नाही? पगार कमी हाय म्हणून? लग्नाचं म्हणून? का गल्लीतले लोक—"

"ते काही नाही." बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पण शर्टही ओलाच होता. "मले भेव लागते. आत्ता मी पडलो, तवा माझं मले इतकं भेव नाही लागलं. तू येऊन राहिली होती पाण्यातून, ते पाहून लागलं."

पगाराला उत्तर होतं, लग्नाला होतं, लोकांना तर होतंच. याला नव्हतं. इतके महिने मी ज्याला आडमुठेपणा समजत होते, तो माणूस नुसता घाबरलेला होता, आणि घाबरलो म्हणून सांगायची लाज वाटत होती म्हणून पेपरची घडी घालत होता.

"तू जा पण," बाबा म्हणाले.

"आत्ता तर नाही म्हटलं तुम्ही."

"म्हटलं ना. ते नाहीच राहीन. माझं भेव जाची वाट पाहशील तर तिकडं रायपूरले बसून म्हातारी होशील. मी भेत राहीन. तू जा."

मी रडले. हवं ते मिळालं होतं आणि ते हातात घेताना इतकं जड लागत होतं की मला ते तिथेच पाण्यात टाकून द्यावंसं वाटलं. बाबा माझ्या सोललेल्या कोपराकडे पाहत होते. रुमाल शोधत होते, तो केव्हाच वाहून गेला होता.

पुढे पाणी उतरलं. आमचा सगळा ग्रुप मजेत हसत, जेमतेम घोटे भिजवत त्या टोकाशी आला. आईने आम्हाला त्या अवतारात पाहून कपाळाला हात लावला. एक काका ओरडले, "क्या भैया, जगह मिल गई?" बाबा खडकावरून उतरले, एका चपलेने वाळूत चालू लागले आणि म्हणाले, "हव, मिली."

पावसाळा संपल्यावर मी अंदमानला गेले आणि बरीच वर्षं राहिले. बाबांचा रोज सकाळी फोन यायचा. हवा, जेवण, आईची तब्येत झाल्यावर ते सहज विचारल्यासारखं विचारायचे, "आज पाण्यात जायचं हाय का?" मी कँपच्या दारात उभी असायची, जॅकेट घातलेलं, प्रवासी होड्यांशी थांबलेले.

"नाही बाबा, आज ऑफिसातच काम हाय."

माझ्यामागे लाटांचा आवाज असे. तो त्यांना ऐकू जात असणार.

"बरं बरं," ते म्हणायचे आणि फोन ठेवायचे.