सुस्तावलेल्या नागाला शेगडी दाखवली

भावांनो, तुम्हीही माझ्यासारखे नाग पाळता, म्हणून तुम्हालाच सांगतो.

आज सकाळी कंधारात अमीनसाहेबांनी नागाचा खेळ करायला बोलावलं. हैदराबादेहून त्यांचे पाहुणे आले होते. निजामसरकारच्या अंमलदाराला नाही कोण म्हणणार?

बायको गंगू म्हणाली, "थंडी लई हाय. नाग सुस्तावलाय, उंदीरबी खाऊन न्हाई राहिला. झोपू द्या त्याला."

मी ऐकलं नाही. तिथं पुंगी वाजवली, पण नाग वेटोळं सोडेना. "मेलेला साप आणलास का रे?" म्हणून पाहुणे हसले. मला राग आला. मी टोपली त्यांच्या पेटत्या शेगडीवर धरली.

धग लागताच नागानं फणा काढला. टाळ्या पडल्या. मग तो तोंड वासून तडफडू लागला. उचलून पाहिलं, तर पोटाखालची खवलं करपली होती.

घरी गंगू भांडली नाही. तिनं जखमेला हळद-तेल लावलं आणि टोपलीवर घोंगडी टाकली. "ऊन तापेस्तोवर ह्याला हात लावू नका," एवढंच म्हणाली.

त्या टाळ्यांनी मी क्षणभर खूश झालो होतो, याचीच जास्त लाज वाटून राहिली.

थंडीत असं बोलावणं आलं, तर तुम्ही काय सांगता?