दाताचं चित्र

आज दाढ ठणकली म्हणून लवंगेचं तेल आणलं आणि वासाबरोबर नव्वदच्या दशकातलं कानडी मुलखातलं आमचं चामराजपेटचं घर आठवलं. माझ्या न बोलणाऱ्या अक्कानं जेवण सोडलं होतं; आई मीठ-मिरच्यांनी तिची दृष्ट काढत होती. तिला खुणा शिकवायला चर्चमधून एक बाई यायच्या. “येशूचं काही सांगायचं नाही,” आईनं दारातच बजावलं. “सरी अम्मा,” असा कानडीत होकार देत बाई फळ्यावरच्या एकेका चित्रावर बोट ठेवत गेल्या. दातावर बोट येताच अक्कानं डोळे घट्ट मिटले. ही तिची ‘हो’ची खूण. “अगंबाई, दातच होय!” आई स्वयंपाकघरात धावली. लवंगेच्या तेलानं ठणका उतरला, अक्का दहीभात जेवली. मग फळा बाजूला सारून आईनंच हळूच विचारलं, “आई आवडते का गं?” अक्कानं डोळे मिटले, ते कितीतरी वेळ उघडेचनात. आज तेलाची बाटली उघडताना माझेही डोळे तसेच मिटले.