मागच्या सीटवरचा क्लच

भाऊंनी डावा हात वर केला की समोरच्याला वाटायचं, सगळं झकास चाललंय. तसं नेहमी नसायचं. त्या हाताला अंगठ्याशिवाय काही उरलंच नव्हतं, त्यामुळे भाऊंनी 'थांबा' म्हणून हात केला काय आणि 'नको' म्हणून केला काय, दिसायचा तो अंगठाच. एकदा त्यांनी भाजीवाल्याला ओट्यावरूनच 'मेथी नको' असा हात केला, तर तो बाबा खुशीत ढीगभर जुड्या ठेवून गेला. भाऊंच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, तोंडाचा पट्टा संध्याकाळपर्यंत चालू होता. भाऊ मेथीची भाजी खाता खाता म्हणाले, "मशीननं अंगठा तेवढा सोडला. म्हणला, हॉर्न वाजवाया लागंल याला."

तुमच्याही गल्लीत असेल असा एखादा माणूस, ज्याच्या दारात कायम एखादी मोटारसायकल पोट उघडून पडलेली असते. आमच्या कारेगावच्या गल्लीत ते दार भाऊंचं होतं, आणि ते नेमकं माझ्या समोर. मी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. माझं मशीन खिडकीशी आहे. त्यामुळे भाऊंच्या ओट्यावर काय चाललंय ते मी पाहायचं नाही म्हटलं तरी दिसायचं, आणि धूर तर न बघताही नाकात जायचा. गिऱ्हाइकाच्या रेशमी ब्लाऊजला पेट्रोलचा वास आला की मी खिडकीतूनच ओरडायची, "भाऊ, ही बाई लग्नाला चाललीय, पंपावर नाही!" ओट्यावरून अंगठा वर व्हायचा.

भाऊ एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रेसवर होते. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन. त्यात एके दिवशी डाव्या हाताची चारही बोटं गेली. कंपनीचं नाव मी घेत नाही. घेऊन बोटं थोडीच परत येणार आहेत? कंपनीनं त्यांना गेटवर खुर्ची दिली. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पास बघायचे. ज्या माणसाचा हात दिवसभर चालायचा, त्याला खुर्ची म्हणजे शिक्षाच. मग ड्युटी संपली की भाऊ ओट्यावर.

त्यांचा जीव जुन्या स्पोर्ट बाईकवर. फुगीर टाकीच्या, पुढं वाकून बसायच्या त्या गाड्या, ज्यांच्यासाठी पंधरा-वीस वर्षांपूर्वी पोरं वेडी व्हायची आणि ज्यांचे पार्ट आता शोधून सापडत नाहीत. कंपन्यांत कामाला आलेले परमुलखातले कामगार कुठून कुठून असल्या गाड्या स्वस्तात आणायचे आणि भाऊंपुढं उभ्या करायचे. "चाचा, ठीक हो जायेगी ना?" भाऊ गाडीभोवती एक फेरी मारायचे, टाकीवर थाप द्यायचे आणि म्हणायचे, "होगी. रोती है, पर मरी नही है." मग उजव्या हातात पाना, डाव्या तळव्याखाली नट, आणि जिथं तिसरा हात लागेल तिथं पायाचा अंगठा. नट दातात धरलेला असायचा तेव्हा बोलायचे नाहीत. बाकी सगळा वेळ बोलायचे.

कार्बोरेटर उकळत्या पाण्यात टाकला की साफ होतो, असं त्यांचं मत होतं. त्याला लागणारं पातेलं मात्र वहिनींचं. एकदा वहिनींनी दूध तापवलं आणि कपात ओतलं, तर वर तेलाचा तवंग. त्या दिवशी ते पातेलं दारातून भिरकावलं गेलेलं मी पाहिलं आहे. मागोमाग वहिनींचा आवाज, "कार्बोरेटरलाच बायको करून घ्या आता!" भाऊंनी निमूटपणे पातेलं उचललं, फुंकर मारून बघितलं आणि कार्बोरेटरसाठी कायमचं ठेवून घेतलं.

इथवर गंमत होती. पण मला खिडकीतून दुसरंही दिसायचं. गाडी नीट झाली की ट्रायल घ्यावी लागते, आणि भाऊंना ती घेता यायची नाही. मोटारसायकलचा क्लच डाव्या हाताच्या बोटांनी दाबायचा असतो. तो दाबल्याशिवाय गिअर पडत नाही. मग मालकच गाडी घेऊन हायवेपर्यंत जायचा आणि भाऊ ओट्याच्या कडेला मान वाकडी करून आवाज ऐकत उभे राहायचे. त्यांची स्वतःची लाल गाडी, हात धड होता तेव्हा हौसेनं घेतलेली, ती तर जिन्याखाली फडकं घालून ठेवलेली. "लोकांची गाडी मी बरी करायची," मला एकदा म्हणाले, "आन् ती पळती कशी ते मला दुसऱ्यानं सांगायचं. लई वंगाळ वाटतं, ताई." त्यांच्या आवाजात नेहमीची चेष्टा नव्हती.

मग त्यांनी एक युक्ती काढली. लाल गाडीचा क्लचचा दांडा उजव्या बाजूला, ब्रेकच्या खाली बसवला. दोन बोटं ब्रेकला, दोन क्लचला. वहिनी बाजारात गेलेल्या बघून गाडी बाहेर काढली. गल्लीच्या टोकापर्यंत सुंदर गेली, वळली, सुंदर परत येत होती. आणि मध्ये आली शेळी. आता सांगा, शेळी बघितल्यावर माणूस विचार करत बसतो का? हात आपोआप जातो. भाऊंचा हात गेला तो डावा, आणि आवळली ती नसलेल्या बोटांची मूठ. शेळी वाचली. गाडी आणि भाऊ थेट माझ्या कुरडयांच्या बाजेवर.

उन्हाळ्याच्या कुरडया, दिवसभर राबून घातलेल्या! मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण भाऊंचा चेहरा बघून मिटलं. कोपर सोलवटलं होतं, केसांत कुरडईचा चुरा, आणि ते आपल्या डाव्या हाताकडे बघत बसलेले. म्हणाले, "डोस्क्याला ठावं हाय, ताई, बोटं न्हाईत म्हून. हाताला कुणी सांगितलंच न्हाई."

वहिनी आल्या. आरडाओरडा करतील असं वाटलं होतं, पण त्यांनी गाडीची किल्ली काढून घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचली. "यंत्रानं बोटं घेतली तवा मी काय म्हणलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आता अख्खा माणूस देणार न्हाई मी. एकटं तर कवाच सोडणार न्हाई गाडीवर."

तेव्हापासून घरात अबोला नव्हता, पण बोलणंही नव्हतं. भाऊ लोकांच्या गाड्यांनाही हात लावेनात. ड्युटीवरून यायचे आणि ओट्यावर नुसते बसायचे, जेवण निम्मं ताटात. खरं सांगते, मला त्या पेट्रोलच्या वासाशिवाय चुकल्यासारखं व्हायला लागलं. वहिनी माझ्याकडे येऊन बसायच्या, किल्लीची गाठ चाचपायच्या. "देऊ का परत?" असं विचारायच्या आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणायच्या, "न्हाई बाई. पडलं तर?"

आणि एका सकाळी ओट्यावर वेल्डिंगच्या ठिणग्या दिसल्या. भाऊंनी लाल गाडी पुन्हा उघडली होती. पुढचं वाकडं हँडल काढून उंच हँडल टाकलं. मागची उंचावर असलेली एवढीशी सीट काढली आणि सपाट, रुंद फळी बसवली. तिचं कव्हर शिवायला रेक्झिन घेऊन माझ्याकडे आले. माझ्या मशीनच्या सुया पटापट मोडल्या, मी बडबडले, पण शिवलं. "एवढी मऊ सीट कुणासाठी?" असं विचारलं तर म्हणाले, "हाय एक पाहुणी."

दुपारी त्यांनी वहिनींना बाहेर बोलावलं. मागच्या सीटच्या डाव्या बाजूला, धरायच्या कडीशी, एक दांडा बसवला होता.

"ह्ये काय?" वहिनी म्हणाल्या.

"तुझा क्लच."

"माझा?"

"तूच म्हणली ना, एकटं सोडणार न्हाई? मग चल. मी 'दाब' म्हणलं की दाबायचं. तू न्हाई दाबला तर गाडी जागची हलत न्हाई. आता सांग, कुठं जातोय मी एकटा?"

वहिनींनी वाकून तो दांडा एकदा दाबून बघितला. मग पदराला हात पुसले, आत गेल्या, चपला घालून आल्या आणि कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातात दिली. मी खिडकीत उभी राहून रडत होते, हातातलं काम तसंच टाकून.

पहिला आठवडा म्हणजे गल्लीला फुकटचा तमाशा. "दाब!" "दाबलाय की!" "अगं हळू, म्हैस सोडतीस का काय?" गाडी बेडकासारखी उड्या मारायची, बंद पडायची, दोघं खाली उतरून एकमेकांची चूक काढायची आणि पुन्हा बसायची. गल्लीतले कामगार टाळ्या वाजवायचे. पण हळूहळू गाडी मऊ चालायला लागली. जयंतीच्या दिवशी तर वहिनी पांढरीशुभ्र साडी नेसून मागं ताठ बसल्या, पुढं निळा झेंडा, आणि ते दोघं मिरवणुकीच्या मागून असे निघाले की माणसं मिरवणूक सोडून यांच्याकडे बघत होती. "जय भीम, ताई!" भाऊ ओरडले आणि अंगठा दाखवला. वहिनी लाजल्या, पण दांडा सोडला नाही.

मग ते सुटलेच. वहिनींचं माहेर इनामगाव, घोड नदीकाठी. तिथं जमिनीखालून फार जुन्या काळातली मडकी निघाली आहेत. भाऊ म्हणायचे, "सासरवाडीला जुन्याचीच किंमत हाय, म्हून मी जुन्या गाडीवर जातो." सुट्टी असली की हे दोघं तिकडे, नाहीतर दौंडला धाकट्या भावाकडे. गिऱ्हाइकांच्या गाड्यांनाही त्यांनी कायमचा एक नियम केला: क्लच थोडा वेळ मागं जोडायचा, वहिनींना बसवायचं आणि ट्रायल आपण स्वतः घ्यायची. परतले की वहिनीच आधी सांगायच्या, "तिसऱ्या गिअरला जरा रडती." कामगार त्यांना 'चाची मेकॅनिक' म्हणायला लागले होते.

भाऊ गेले ते गाडीवरून नाही. दुपारची वेळ, कंपनीचं गेट, आणि ते खुर्चीवर बसलेले. छातीत कळ आली, कुणाला हाक मारण्याआधीच सगळं संपलं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "पडतील म्हून मी किल्ली लपवली, ताई. आन् माणूस खुर्चीवरनं गेला." मी नुसती त्यांच्याजवळ बसले.

गाडी ओट्यावर उभी राहिली. वहिनी ती रोज पुसायच्या. उन्हाळा संपत आला तेव्हा त्यांनी स्वतःच दौंडच्या दिरांना फोन केला, "न्या तुम्ही. उभी राहून सडती गाडी." दीर रेल्वेत आहेत, साधा माणूस. आले, गाडीवर बसले, डाव्या हँडलवर हात फिरवला.

"वहिनी, क्लच कुठं हाय?"

"माझ्याजवळ," वहिनी म्हणाल्या.

दीर ओशाळले. म्हणाले, टेम्पो सांगतो, दौंडला नेऊन मिस्त्रीकडून क्लच पुढं घेतो. वहिनी ताडकन उठल्या. "चालती गाडी हाय. टेम्पोत घालाया ती काय मेलीया?" आणि पायात चपला सरकवून मागं बसल्या. कारेगावातून दौंडपर्यंत! मी म्हटलं, अहो, ऊन बघा, लांब आहे. त्यांनी ऐकलं नाही. दिरांनी किक मारली, वहिनींनी दांडा दाबला, आणि गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याकडे गेली. मी मशीनवर येऊन बसले खरी, पण दिवसभर एक टाका सरळ पडला नाही.

संध्याकाळी त्या एसटीनं एकट्या परतल्या. पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिथंच बसल्या. मी पाणी दिलं, तर त्यांनी तांब्या उजव्या हातानं घेतला. डावा हात मनगटापासून सुजला होता, बोटं मिटत नव्हती.

"अहो, हे काय झालं?"

"क्लचनं. दीर चांगलं चालवत्यात, पण सारखा गिअर. वळण आलं गिअर, खड्डा आला गिअर, म्होरं ट्रक आला गिअर." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "यांच्यासंगं इतक्यांदा गेले, हात कवा दुखला न्हाई. मला वाटायचं, सोपंच काम हाय. ताई, ते लांबूनच गाडी हळू करायचे हो. माझ्या हातावर येऊ नये म्हून. कधी बोलले न्हाईत. आज कळलं मला."

मी घरातून बाम आणला, झाकण उघडलं आणि त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला, मांडीवर ठेवला आणि वरून पदर घातला.

"राहू द्या, ताई," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस दुखू द्या."