पुणे वाहिनीचा स्वतःचा वाटा

मंगळवार, ४ मार्च २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. खराडीतल्या कार्यालयात मी तुलनेचा प्रोग्रॅम पहिल्यांदाच पाचही वाहिन्यांवर एकाच वेळी सुरू केला. तत्त्व साधे होते. प्रत्येक वाहिनीचा ध्वनी लहान तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकड्याचा ठसा काढायचा आणि दिवसभरात तोच ठसा समूहातल्या दुसऱ्या एखाद्या वाहिनीवर सापडतो का, ते पाहायचे. सापडला तर तुकडा सामाईक. सापडला नाही तर तो त्या वाहिनीचा स्वतःचा. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करताना मी भूकंपाच्या नोंदींवर हेच केले होते. फरक एवढाच की भूकंपाला मालक नसतो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाहिन्यांचा समूह ही एक सलग वस्तू वाटते. परवाना देणाऱ्याच्या नजरेत ती तशी नाही. परवानगी कंपनीला मिळते आणि तीही एकेका वाहिनीपुरती. आमच्या पाच वाहिन्या तीन कंपन्यांच्या नावावर होत्या, त्या तिन्हींचे बहुतेक समभाग चौथ्या कंपनीकडे होते आणि चौथीचे मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात होते. आमच्या मजल्यावर मात्र एकच भिंत होती, तिच्यावर पाच पडदे होते आणि पाचही वाहिन्यांचे लोक एकाच यंत्राचा बेचव चहा प्यायचे. सकाळी कामावर येताना आपण कोणत्या कंपनीचे नोकर आहोत, हे गळ्यातले ओळखपत्र उलटून पाहिल्याशिवाय निम्म्यांना सांगता आले नसते.

मोजणीची गरज एका तक्रारीतून निर्माण झाली होती. एका प्रेक्षकाने एका बातमीवर आक्षेप घेतला होता. बातमी एकच, पण ती पाचही वाहिन्यांवर गेली होती. तक्रारीची पहिली पायरी म्हणजे वाहिनी स्वतः. तिथे समाधान झाले नाही तर वाहिन्यांनी मिळून नेमलेली स्वनियमन संस्था, आणि त्याही पुढे सरकारी समिती. पहिल्याच पायरीवर आमच्या लक्षात आले की उत्तरेही पाच द्यावी लागणार आहेत आणि पाचांनी वेगवेगळी देऊन चालणार नाही. तेव्हा कोणती गोष्ट किती ठिकाणी जाते, हे मुख्य कार्यालयाला जाणून घ्यायचे होते. मी कम्प्लायन्स म्हणजे नियमपालन विभागात नवी होते, प्रोग्रॅम लिहू शकत होते आणि लवकर पुढे जायचे होते. काम मी मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी आकडा आला. पुणे वाहिनीचा स्वतःचा वाटा एकोणीस टक्के. उरलेले सारे काही समूहाचे: हिंदी मालिकांची भाषांतरे, भजने, दिल्लीच्या चर्चा.

त्या एकोणीस टक्क्यांतला मोठा भाग माझ्या आईचा होता.

आई पुणे वाहिनीची निवेदिका. ती तिथे लागली तेव्हा ती वाहिनीच नव्हती. एका केबलवाल्याने स्वतःच्या ग्राहकांसाठी चालवलेला एक चॅनल होता, दोन-चार पेठा आणि बिबवेवाडीपलीकडे तो कुठे दिसत नसे. पुढे केबलवाल्याने तो विकला, घेणाऱ्याने उपग्रहाची परवानगी मिळवली, आणि मग घेणाऱ्यालाच समूहाने घेतले. मालक तीनदा बदलले. स्टुडिओ गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या अंगाला, वाहतूकदारांच्या कार्यालयांवरच्या मजल्यावर तसाच राहिला आणि दुपारी एकच्या बातम्याही तशाच राहिल्या. कोणत्या भागात पाणी येणार नाही, कोणता रस्ता खोदला आहे, यार्डात आवक किती, कांद्याचा भाव काय. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत याच बातम्या आणखी पाच वेळा दाखवायचे. वारज्याला आमच्या सोसायटीत तिला नावाने कोणी ओळखत नसे. लिफ्टमध्ये भेटल्या की शेजारच्या काकू विचारायच्या, "अहो, उद्या पाणी आहे ना आपल्याकडे?" आणि आई म्हणायची, "एक वाजता सांगते. फुकट नाही सांगत मी."

खाली ट्रक मागे घेताना वाजणारी शिट्टी त्या स्टुडिओत थेट ऐकू येई. काचा दुहेरी करण्याचे प्रत्येक मालकाने कबूल केले होते. आईने त्यावर स्वतःचा उपाय काढला होता: शिट्टी सुरू झाली की वाक्य संपवून थांबायचे, कागद सारखा करायचा, शिट्टी थांबली की पुढचे वाक्य. नव्या प्रेक्षकाला ते गांभीर्य वाटे.

आकडा मी मॅडमना दाखवला. मॅडम आमच्या विभागप्रमुख. वयाने आईएवढ्या, शब्द जपून वापरणाऱ्या. त्यांनी आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "एकोणीस? मला वाटलं होतं, जास्त असेल."

"जास्त असायला हवं होतं का?"

"हवं होतं असं कोण म्हणणार? नियमात तसं काही नाही."

हे खरे होते. मी त्या आठवड्यात सगळी मार्गदर्शक तत्त्वे वाचून काढली. वाहिनीचे नाव आणि बोधचिन्ह बदलायचे तर मंत्रालयाची परवानगी लागते. वाहिनी दुसऱ्या कंपनीकडे द्यायची तरी लागते. जे दाखवले त्याचे ध्वनिचित्रमुद्रण नव्वद दिवस जपून ठेवावे लागते. एका माणसाने किती वाहिन्या बाळगाव्यात यावर मर्यादा असावी, असा सल्ला नियामकाने दिलेला आहे. तो सल्लाच राहिला. आणि पुण्याच्या नावाने चालणाऱ्या वाहिनीवर पुणे किती असावे, याबद्दल कुठेही एक ओळ नव्हती.

दोन आठवड्यांनी मुख्य कार्यालयाचा निर्णय आला. पुणे वाहिनी बंद होणार नव्हती. एकदा हातची गेलेली परवानगी पुन्हा मिळवणे किती कटकटीचे असते, हे ज्यांना ठाऊक आहे ते वाहिनी बंद करत नाहीत. गुलटेकडीचा स्टुडिओ बंद होणार होता. दुपारी एकलाही समूहाचे सामाईक बातमीपत्र जाणार होते. स्टुडिओतल्या लोकांचे करार मार्चअखेर संपत होते, ते पुढे वाढवायचे नव्हते. पत्राला जोडलेल्या तक्त्यात माझा आकडा होता, एका दशांश स्थळापर्यंत.

मला तेव्हा काय वाटले, असे नंतर एका मैत्रिणीने विचारले होते. मी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. तक्त्याची मांडणी चुकली आहे, असे वाटले होते. टक्केवारीची बेरीज स्तंभाखाली यायला हवी होती.

तरीही मी एक प्रयत्न केला. नव्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक वाहिनीने रोज अर्धा तास सार्वजनिक हिताच्या विषयांना द्यायचा असतो. शेती आणि ग्रामविकास हा त्या विषयांपैकी एक, आरोग्य दुसरा. यार्डातली आवक आणि भाव, पाणी, लसीकरणाची शिबिरे: आईचे बातमीपत्र बरोबर अर्ध्या तासाचे होते आणि त्या यादीत बसत होते. मी दोन पानांचे टिपण लिहिले. कलमे दिली, महिनाभराच्या बातम्यांचे वर्गीकरण दिले आणि निष्कर्ष काढला की हे बातमीपत्र चालू ठेवल्यास पुणे वाहिनीची ती जबाबदारी आपोआप पूर्ण होते.

मॅडमनी दोन्ही पाने वाचली. "चांगलं लिहिलंय. पुढचं परिपत्रक वाचलंत?"

"कोणतं?"

"कार्यक्रम वाहिन्यांनी आपसात वाटून घेतला तरी चालतो. पुन्हा दाखवला तरी चालतो. सलग अर्धा तास नसला तरी चालतो. समूहाने एक करायचा आणि पाचही ठिकाणी लावायचा." त्यांनी टिपण माझ्याकडे सरकवले. "तुम्ही विज्ञानाच्या ना? मग इतक्या आशावादी कशा?"

मी परिपत्रक शोधून वाचले. त्यांचे बरोबर होते.

घरी आईला मी सगळे क्रमाने सांगितले: तक्रार, मोजणी, पत्र, टिपण, परिपत्रक. ती मटार सोलत होती.

"आकडा तू काढलास?" शेवटी ती म्हणाली.

"हो."

"बरोबर आहे ना?"

"दोनदा तपासला."

"मग झालं तर. चुकीच्या आकड्यावर घरी बसवलं असतं तर राग आला असता." आणि एक शेंग माझ्याकडे ढकलून, "ही किडकी आहे. तुमच्या सामाईकात टाक."

मी हसले नाही. तीही हसली नव्हती.

शेवटच्या बातम्यांच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा काढून गुलटेकडीला गेले. निरोपाचे वाक्य वाचायची परवानगी नव्हती. वाहिनी चालूच राहणार असल्यामुळे निरोप कसला, असे मुख्य कार्यालयाचे म्हणणे होते आणि तर्काला ते धरून होते. आईने पाणी वाचले, रस्ते वाचले. कांद्याच्या भावापाशी शिट्टी सुरू झाली. ती थांबली, कागद सारखा केला. ट्रकवाल्याला जागा नीट मिळत नसावी, शिट्टी थांबेना. काचेच्या अलीकडे उभा असलेला तिथला एकुलता एक अभियंता पुटपुटला, "आज तरी घे की रे बाबा लवकर." आई कॅमेऱ्याकडे शांतपणे पाहत राहिली. मग शिट्टी थांबली आणि तिने भाव सांगितला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "रिक्षा बघ. बसने नाही जायचं आज." वारजे येईपर्यंत आम्ही दोघी आपापल्या बाजूने बाहेर पाहत होतो.

एप्रिलमध्ये मी मोजणी पुन्हा सुरू केली. पुणे वाहिनीचा स्वतःचा वाटा शून्य येईल, असा माझा अंदाज होता. आला शून्य पूर्णांक पाच. आधी मला प्रोग्रॅममध्ये दोष वाटला. मग न जुळलेले तुकडे मी एकामागून एक ऐकले. सगळे एकच होते. तासातून दोनदा, नऊ सेकंद: पाठीमागे सनईचा एक तुकडा आणि आईच्या आवाजात वाहिनीचे नाव. कित्येक वर्षांपूर्वी मुद्रित केलेले. अगदी शेवटी, सनईखाली, ट्रक मागे घेतल्याची शिट्टी अर्धवट ऐकू येत होती. बाकीच्या चार वाहिन्यांची नावे मुख्य कार्यालयाने एकाच आवाजात, एकाच सुरावटीवर करून घेतली होती. पुण्याचे तेवढे जुनेच राहिले होते.

मी घरी सांगितले.

"अजून मीच?" आई म्हणाली.

"तासाला दोनदा."

"काढायला सांग."

"का? राहू दे की."

"राहू दे काय? माणसाला काढायचं आणि आवाज ठेवायचा, ही कुठली पद्धत? काल लिफ्टमध्ये त्या काकू म्हणाल्या, ऐकलं हो तुम्हाला, पुन्हा लागलात वाटतं. काय सांगू मी त्यांना? पाण्याचं विचारत होत्या. मला माहीत नव्हतं पाणी आहे का नाही." तिने पहिल्यांदाच आवाज चढवला होता. मग नेहमीच्या सुरात, "काढलं आहे ना, तर पूर्ण काढा म्हणावं."

एवढे एकच तिने माझ्याकडे मागितले.

मी दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. आवाज कोणाचा, हे त्यांना ठाऊक होते; माझ्या बायोडाटात नसले तरी.

"त्याला हात नाही लावायचा," त्या म्हणाल्या. "नाव आणि बोधचिन्ह मंत्रालयाने मान्य केलेलं आहे."

"नाव मान्य केलंय. आवाज नाही. कलमात आवाजाचा उल्लेखच नाही."

"उल्लेख नाही म्हणजे चालतं, असं तुमच्या विज्ञानात असेल. इथे उल्लेख नसेल तर विचारावं लागतं."

"मग विचारू या."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही आईंसाठी विचारताय. कारण काय लिहायचं? निवेदिकेची इच्छा?"

मी लेखी दिले. मॅडमनी ते अडवले नाही. स्वतःची शिफारस जोडून पुढे पाठवले, हे मला नमूद केले पाहिजे. मुख्य कार्यालयाच्या कायदा विभागाचे उत्तर दोन ओळींचे आले. ध्वनिओळख ही मान्य नावाचा भाग आहे किंवा नाही, याबाबत स्पष्टता नाही. मंत्रालयाकडे विचारणा करून खुलासा मिळेपर्यंत कोणताही बदल करू नये. त्या विभागात कलम माझ्याइतकेच नीट वाचणारी माणसे आहेत. पण ज्या परवानगीसाठी त्यांनी स्टुडिओ, माणसे आणि दुपारी एकच्या बातम्या सोडून दिल्या होत्या, ती नऊ सेकंदांच्या कात्रीत सापडावी, असे त्यांना वाटत नव्हते. विचारणा त्यांनी केली की नाही, हे मला कळलेले नाही. दोनदा विचारले. "प्रक्रियेत आहे," असे उत्तर दोन्ही वेळा आले.

पावसाळ्याच्या शेवटी मला बढती मिळाली. समूहाच्या सर्व परवानग्यांच्या नूतनीकरणाचे काम आता माझ्याकडे येते. तुलनेचा प्रोग्रॅम दुसरीकडे सोपवला. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "छान. आता तूच कर की सही." मी तिला समजावले की सही माझ्या अधिकारात येत नाही. "हं," ती म्हणाली.

ती आता दुपारी टीव्ही आवाज बंद करून पाहते. कोणतीही वाहिनी असली तरी. काकू तिला पाण्याचे विचारत नाहीत. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर येते ते.

प्रोग्रॅम सोपवण्याआधी मी तो एकदा शेवटचा चालवला. काही बदलले असेल, असे वाटायला कारण नव्हते. पाच वाहिन्या, चोवीस तास. चार ओळी भरून झाल्यावर पाचवी लिहिली: पुणे, स्वतःचा वाटा, टक्के, ०.५.