पदराची उलटी बाजू

ती दुपार मला आजही आठवते. तेव्हा मी पोलीस ठाण्यात झाडलोट आणि चहापाण्याच्या कामावर होते. कुणाचं नाव लिहीत नाही.

पुंडलिकनगरातल्या एका बाईंची लग्नातली पैठणी कपाटातून गेली होती. हातमागावर विणून घेतलेली, अस्सल रेशमाची, जांभळी, पदरावर मोर, असं फिर्यादीत लिहिलं होतं. दोन दिवसांनी शेजारणीने फोनवर खबर दिली, की फिर्यादी बाईंकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या घरी तशीच साडी आहे. हवालदार तिला साडीसकट घेऊन आले.

फिर्यादी बाईंनी रंग आणि मोर पाहिले. म्हणाल्या, "हीच."

"कन्नड गावच्या बाजारातून घेतली, साहेब," कामवाली रडत म्हणाली. "उद्या पोरीचा साखरपुडा हाय."

"बाजारात अस्सल पैठणी मिळते?" साहेबांनी विचारलं.

"अस्सलच हाय! दुकानदारानं शपथ घेतली. खोटी नाय!"

"मग तुला परवडली कशी, शेटाणी?" हवालदार हसले.

साहेब चोरीचं विचारत होते आणि ती साडीची इभ्रत राखत होती. जितकं अस्सल म्हणे, तितकी अडकत जाई. जप्तीचा पंचनामा लिहायला घेतला. त्यातही रंग, काठ, मोर, एवढंच. साडी कुणी उलटली नाही.

मी टेबलाखालून झाडत होते. पदराचं एक टोक उलटं पडलं होतं. माझं माहेर पैठणचं. चौथीनंतर शाळा सुटली ती वडिलांच्या मागावर रेशीम गुंडाळून कांड्या भरण्यासाठी. हातमागाच्या पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. इथं मागून सुटे धागे लोंबत होते.

साहेबांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. चुकले तर नोकरी जाईल, असं वाटलं. पंच सहीला पुढे आले, तेव्हा झाडू खाली ठेवला.

"साहेब, पदर उलटून बघा. ही यंत्रावरची हाय."

"मावशी, तुम्हाला काय कळतं यातलं?"

"लहानपणी हेच केलं, साहेब. गोंड्यातला एक धागा जाळा. रेशीम असंल तर केस जळाल्यासारखा वास येतो, राख चुरगळते."

दोघींना विचारून साहेबांनी काडी ओढली. धागा आक्रसला, वितळला. टोकाला काळा कडक मणी झाला. साहेबांनी तो नखाने दाबला, फुटला नाही.

"तुमची हातमागाची, रेशमाची होती ना?" साहेबांनी फिर्यादी बाईंना विचारलं.

जबाब घेऊन कामवालीला साडीसकट सोडलं. आठवड्याने बाईंची पैठणी त्यांच्या नणंदेकडे सापडली.

त्या दुपारी सुटून जाताना कामवाली दारात माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, हात जोडेल.

"म्हंजे मावशी, ही खोटी?"

मी हो म्हणून मान हलवली. तिने पदर सारखा केला, मोर वर घेऊन घडी घातली.

"समोरून कळत नाय ना?"

"नाय गं. लई छान दिसती."

तेव्हापासून कुणी हौसेने साडी दाखवली, तर मी पदर उलटून बघत नाही. कुणावर आळ आला असेल, तरच बघते.