एका मताने पडलेला मंत्री

मॅलकी किल्बेन आयर्लंडमधल्या आमच्या मेयो परगण्यातला पोस्टमन. कुणाची पेन्शन अडलीय, कुणाचं छप्पर गळतंय, सगळं त्याला तोंडपाठ. त्या जोरावर तो खासदार झाला आणि अठरा वर्षांनी मासेमारी खात्याचा मंत्री. बोटीत पाय ठेवला की त्याला उलटी व्हायची, म्हणून बंदरांची उद्घाटनं तो धक्क्यावरूनच उरकायचा.

पुढच्या निवडणुकीत तो एका मताने पडला. तीनदा फेरमोजणी झाली. मी त्याच्या बाजूने मोजणीला बसलो होतो. आकडा काही हलेना.

तिथून आम्ही त्याच्या थोरल्या बहिणीकडे, ऑनरकडे गेलो. ती बटाटे सोलत होती.

"ते एक मत कुणी फिरवलं, कळू दे फक्त. बघतोच त्याच्याकडे!" मॅलकी गरजला.

"बघ की. समोरच बसलेय," ऑनर म्हणाली.

"ताई, तू?"

"मंत्री झाल्यापासून एका तरी रविवारी जेवायला आलास? नाताळात शुभेच्छा पाठवल्यास, त्याही सेक्रेटरीच्या सहीने!"

मॅलकीने खो खो हसत कोट काढला आणि चाकू उचलला.

"सालं जाड काढू नकोस," ऑनर म्हणाली.